सव्वीस वर्षं दुरुस्तीला गेलेला रंधा

आमच्या दादाला कुणी राजकीय विचारवंत म्हटलं की वहिनीला हसू आवरत नाही. म्हणते, "विचार आहेत खरे, पण अंथरुणाची घडी घालायचा विचार तेवढा अजून सुचलेला नाही." सख्खी बायकोच असं म्हणते म्हटल्यावर बहिणीनं काय बोलावं? पण मी बोलते. दादा विचारवंत आहे. हट्टी आहे, डोक्याला ताप आहे, एकदा सुरू झाला की समोरच्याचा चहा गार होईपर्यंत थांबत नाही, सगळं कबूल. तरी आमच्या गल्लीत माणसांनी एकमेकांशी कसं राहावं याचा रोज उठून विचार करणारा माणूस तो एकटाच. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही आणि बोलणारही नाही, उगाच चढून बसायचा.

पोटापाण्याला तो सुतार. शाळांची बाकं दुरुस्त करायच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. तिथंच त्याला लिहायची सवय लागली. घासून घासून गुळगुळीत झालेला पॉलिश पेपर फेकायचा नाही, त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं विचार लिहायचे. असे दोन ट्रंका भरून विचार आहेत. 'शेजाऱ्यांचं राज्य' असं पुस्तकाचं नावही ठरलंय. एका प्रकाशकानं वाचायला म्हणून एक गठ्ठा नेला आणि चौथ्या दिवशी परत आणून दिला. म्हणाला, मजकूर चांगला आहे, पण बोटं सोलतात.

तर हा विचार काय? दादाच्या शब्दांत सांगायचं तर, "वस्तू सगळ्यांची, वळण घरचं." हे वाक्य त्यानं हत्यारांच्या खोलीच्या दारावर स्वतः रंगवलंय. जागेचा अंदाज चुकल्यामुळे 'घरचं' हा शब्द इतका बारीक झालाय की जवळ जाऊन वाचावा लागतो.

आता ही खोली. नगरपालिकेच्या इमारतीतला तळमजल्यावरचा गाळा, आधी आमच्या बाबांचं सुतारकामाचं दुकान होतं. बाबा गेले तेव्हा दादानं नगरपालिकेला अर्ज केला की बाबांची सगळी हत्यारं मी गल्लीला देतो, तुम्ही जागा द्या. जागा मिळाली. करवती, पटाश्या, कानशी, गुण्या, पाणसळ, शिडी, पुढं कुणी ड्रिल मशीन दिलं, कुणी पाने दिले. भिंतीवर प्रत्येक हत्याराचा आकार पांढऱ्या रंगानं काढलेला, म्हणजे कुठलं बाहेर गेलंय ते आंधळ्यालाही कळावं. प्रत्येक घराचा एक लाकडी बिल्ला. हत्यार न्यायचं, त्या जागी आपला बिल्ला टांगायचा. वही नाही, पावती नाही.

इथवर ऐकून कॉम्रेड खूश. कॉम्रेड म्हणजे आमच्या समोरचा, युनियनच्या ऑफिसात टायपिस्ट होता, आता दर बुधवारी अभ्यास मंडळ चालवतो. पण दादाचं पुढचं ऐकलं की त्याचं तोंड कडू होतं. कारण पुढं नियम येतात. ज्यानं नेलं त्यानंच परत आणायचं, नोकर-पोरांच्या हाती पाठवायचं नाही. नेलं त्याहून जास्त धार लावून आणायचं. ड्रिल मशीन न्यायच्या आधी शेजारच्या घरी विचारून यायचं, कुणी आजारी आहे का, कुणी झोपलंय का. म्हाताऱ्यांचा नंबर आधी. आणि रविवारी सकाळी नऊला सगळ्यांनी जमायचं, आठवडाभरात काय केलं ते उभं राहून सांगायचं, बिघडवलं असलं तरी सांगायचं. कॉम्रेड म्हणतो, "ही काय हत्यारांची खोली आहे की तुझ्या आजोबांची पंगत?" दादा म्हणतो, "अरे, शिस्त काढून घेतलीस की सगळ्यांची वस्तू कुणाचीच उरत नाही. सार्वजनिक नळाची तोटी बघ जाऊन."

दुसऱ्या बाजूला मानकरी. हे आडनाव नव्हे, आम्ही ठेवलेलं नाव. कुठंही गेले तरी पुढची खुर्ची शोधतात. घड्याळं दुरुस्त करतात आणि ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांना दादाचे नियम पसंत, पण हत्यारं कालपरवा राहायला आलेल्या भाडेकरूलाही द्यायची हे काही घशाखाली उतरेना. दादानं तर पुढं जाऊन मंडळाचा हॉल दुपारी ट्रक ड्रायव्हरांना आडवं व्हायला द्यावा अशी सूचना केली. झालं! मंगळवारी ज्येष्ठ मंडळानं त्याचं नाव कमी केलं. त्याच आठवड्यात बुधवारी अभ्यास मंडळातून गेला, कारण वयानं मोठं माणूस खोलीत आलं की उठून उभं राहावं असा ठराव त्यानं मांडला होता. घरी आला तो शीळ घालत. "दोन्हीकडून हाकललं," म्हणाला, "म्हणजे मी कुठंतरी बरोबर असणार."

माझं दुकान खोलीला लागून. मी खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवते. मधली भिंत फळ्यांची, त्यामुळे पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येतो. दादाचं निम्मं पुस्तक मला असंच पाठ झालंय, तेही तोंडात बारीक खिळे धरून, म्हणजे उलट बोलायची सोय नाही.

एक गोष्ट मात्र त्या भिंतीआडून ऐकताना मला कधी सोसवली नाही. तिथं हत्यारांच्या अगदी मधोमध एक आकार होता, लांब रंध्याचा. बाबांचा रंधा. पहिल्याच दिवशी दादानं तो आकार मोठ्या हौसेनं रंगवला, खाली खिळा ठोकला, आणि रंधा काही तिथं आला नाही. कुणी विचारलं की दादा म्हणायचा, "दुरुस्तीला गेलाय." लोक बदलले, भाडेकरू आले गेले, पोरांची लग्नं झाली, रंधा आपला दुरुस्तीलाच. मला ठाऊक होतं तो कुठं आहे. दादाच्या कपाटात, वहिनीच्या लोकरी शालींच्या खाली, तेल लावून, फडक्यात गुंडाळून. वर्षातून एकदा काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. मी गप्प होते. का गप्प होते ते पुढं सांगते.

आणि ते दार. बाबांनी स्वतःच्या हातांनी केलेलं, सागाचं, जड. दादा त्याला देवासारखं जपायचा. दर वर्षी नवा रंग. कुणी खिळा ठोकला तर घर डोक्यावर घ्यायचा. पण हवा जरा दमट झाली की दार अडायचं, असं अडायचं की खांदा लावल्याशिवाय हलायचं नाही. एकदा मीच म्हटलं, "अरे, कड थोडी घासून घे ना." तर असा बघायला लागला जसं काही मी बाबांनाच घासून घे म्हटलं. "बाबांच्या वेळी दार अडलेलं तुला आठवतंय? नाही ना! त्यांना उघडायची युक्ती माहीत होती. आपल्याला येत नाही, दोष आपला. बाबांनी केलेल्या दाराला मी रंधा लावणार नाही." बाबांच्या वेळी अडायचं नाही एवढं खरं होतं, मलाही आठवत होतं. म्हणून सगळी गल्ली सव्वीस वर्षं ती युक्ती शोधत होती. कुणी मूठ उचलून ढकलायचं, कुणी खालून लाथ मारायचं. मानकरी तर श्वास रोखून ढकलायचे.

गेल्या वर्षी सलग तीन दिवस बारीक पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी नगरपालिकेचे साहेब तपासणीला आले. साहेब म्हणजे काय, पंचविशीतला पोरगा, काडीसारखा, काखेत फाईल. फार सभ्य. दादानं आत नेलं, वाऱ्यानं दार धाडकन लागलं, आणि बसलं. जे बसलं ते बसलंच.

मी पलीकडून ऐकत होते. आधी दादा म्हणाला, "युक्ती आहे." मग पाच मिनिटं युक्ती चालली. मग साहेबांनी ऑफिसला फोन केला. ऑफिसनं विचारलं, तक्रार कसली? दार अडकलंय. ऑफिस म्हणालं, अडकलेल्या दारांची तक्रार ज्यांच्याकडे जाते ते साहेब तपासणीला बाहेर गेलेत, आले की सांगतो. बिचारा काय बोलणार! ते साहेब तोच होता.

मी बाहेरून ढकलून पाहिलं, छे. खिडकीला गज. गजांतून मी दोन कप चहा आत दिला. आणि दादाला काय, आयतं गिऱ्हाईक मिळालं, दार बंद, पळायला वाट नाही! त्यानं सुरुवातच केली. "साहेब, या गल्लीत साठ घरं. साठ घरांत साठ ड्रिल मशीनं घेतली तर एकेक मशीन वर्षाकाठी दहा मिनिटं चालणार. हा शहाणपणा का?" नाही, म्हणाले साहेब. "बरं, एकच मशीन घेतलं आणि दारात ठेवून दिलं, घ्या म्हटलं कुणीही. किती दिवस टिकेल?" आठवडा, म्हणाले साहेब. "तर मग! एकांना वाटतं मालकी गेली की सगळं सुधारेल. दुसऱ्यांना वाटतं जुनं वळण राखलं की सगळं सुधारेल, मग भले वळण राखायला चारच घरं उरोत. मी म्हणतो दोन्ही लागतं. माझं-तुझं सोडायचं आणि आईबापांनी लावलेली सवय धरायची. सोपं आहे हो, पण दोन्ही बाजूंना राग येतो."

पोरगा खरंच ऐकत होता. मधूनमधून प्रश्न विचारत होता. दीड तासानं तो भिंतीपाशी गेला असावा, कारण म्हणाला, "आणि ही मधली जागा रिकामी का?"

माझ्या हातातली हातोडी थांबली.

"दुरुस्तीला गेलाय," दादा म्हणाला.

"कधीपासून?"

 दादा पडेल आवाजात म्हणाला, "झाली काही वर्षं." मला हसू फुटलं, तोंडातले सगळे खिळे जमिनीवर. पण हसता हसता कुठंतरी दुखलंही, खोटं का बोलू.

तेवढ्यात कॉम्रेड शिडी न्यायला आला आणि त्याच्या मागोमाग मानकरी, कॉम्रेडनं परवा ड्रिल न विचारता चालवलं म्हणून तक्रार करायला. मी म्हटलं, भांडणं नंतर, आधी दार. दोघांनी खांदे लावले. एक, दोन, तीन! दार उघडलं आणि दोघं साहेबांच्या पायाशी जाऊन पडले. चाळीस वर्षांत ते दोघं एका दिशेला जोर लावताना मी पहिल्यांदा पाहिले.

साहेब धूळ झटकत बाहेर आले. दादाचा हात हातात घेऊन म्हणाले, "खोली फार चांगली आहे. पण उद्या आत कुणी म्हातारं माणूस एकटं अडकलं, आग लागली, तर? मी सोमवारी परत येतो. हे दार एका बोटानं उघडलं पाहिजे. नाही उघडलं तर मला सील लावावं लागेल. मला वाईट वाटेल, पण लावेन." आणि खरंच वाईट वाटत होतं त्याला, चेहऱ्यावर दिसत होतं.

म्हणजे हातात पाच दिवस. सव्वीस वर्षांची खोली, साठ घरांची सवय, दादाचा सगळा जन्म, आणि मधे काय तर दाराची एक कड! साधं सुताराचं काम, पोरसवदा सुतारही अर्ध्या दिवसात करेल. संध्याकाळी आम्ही सगळे दादाच्या स्वयंपाकघरात बसलो. कॉम्रेड म्हणाला, नवं दार बसवू. दादा नाही म्हणाला. मानकरी म्हणाले, कड घासू. दादा नाही म्हणाला. "मी दारात माणूस बसवतो," म्हणाला, "दार बंदच होऊ देणार नाही. पाळी लावू. पण बाबांच्या दाराला पातं लागणार नाही."

"खोली गेली तरी चालेल?" वहिनीनं विचारलं.

"बापाच्या हातचं मोडून खोली ठेवली तर माझ्या विचारात राहिलं काय?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी उठले. इतकी वर्षं जे दाताखाली धरून ठेवलं होतं ते सगळं बाहेर पडलं.

"बाबांचं दार, बाबांचा रंधा! आणि बाबांची मुलगी, ती कुणाची रे? तुझ्या बाराव्या वर्षी तू रंधा धरलास तो लाकडात रुतवून बसलास. मी माझ्या बाराव्या वर्षी धरला तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड सुरळी निघाली. बाबा काय म्हणाले होते? विसरलास? 'हिचं लाकूड ऐकतं.' हे बाबांनी मला म्हटलं होतं, तुला नाही. बाबा गेले तेव्हा हत्यारं तुझ्याकडे गेली, मला आईचं शिवणयंत्र मिळालं. कुणी मला विचारलं? तू विचारलंस? तू तर गल्लीला विचारत होतास, काय हवं घ्या! मी वाट बघितली. म्हटलं, भिंतीवर आकार काढलाय ना, आज टांगेल, उद्या टांगेल, मग मीपण सगळ्यांसारखी बिल्ला लावून नेईन, मागायची वेळ येणार नाही. सव्वीस वर्षं, दादा! सगळ्यांचं सगळं, आणि तेवढं एक शालींच्या खाली!"

 माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्याचाही मला रागच आला. मी चपला घालून घरी निघून आले.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज नाही. तिसऱ्या दिवशी नाही. दादा आत होता, हत्यारं देत-घेत होता, पण तोंडातून शब्द नाही. वहिनी पूर्वी दवाखान्यात नर्स होती, तिनं दोन वेळा ताप बघितला. माझ्याकडे येऊन म्हणाली, "नाडी बरोबर आहे, जेवण बरोबर आहे, फक्त भाषण बंद आहे. तू काय केलंस ते जपून ठेव, परत लागेल." मला हसू आलं. वाटलं, जरा जास्तच बोलले. मग वाटलं, नाही, बरोबर तेवढंच बोलले.

रविवारी नऊला खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. सील लागणार ही बातमी सगळ्यांना लागलेली. दार पाय लावून उघडं ठेवलं होतं, तो पाय मानकऱ्यांचा, पुढच्या खुर्चीवर बसूनच लावलेला. मी मागं उभी होते. सगळ्यांचं सांगून झालं, कुणी फडताळ केलं, कुणी पलंगाचा पाय बसवला, कॉम्रेडनं भिंतीला भलत्या ठिकाणी भोक पाडलं. मग दादा उभा राहिला. काखेत फडक्याचं गाठोडं.

"मला या आठवड्यात सांगायचंय ते बिघडवलेल्या कामाचं आहे," तो म्हणाला. "हा रंधा दुरुस्तीला गेला नव्हता. माझ्या कपाटात होता. मी तुमच्याशी सव्वीस वर्षं खोटं बोललो."

"खासगी मालमत्ता!" कॉम्रेड आनंदानं ओरडला. "मी म्हणत नव्हतो!"

"बापाची वस्तू मुलानं घरात ठेवली तर बिघडलं काय?" मानकरी उसळले, आणि त्यांचा पाय हलला, दार निम्मं लागलं, सगळे एकदम ओरडले. वहिनीनं दोघांना एका नजरेत गप्प केलं.

दादानं गाठोडं सोडलं. रंधा बाहेर आला.  मुठीपाशी लाकूड बाबांच्या तळव्यानं काळं झालेलं, तसंच्या तसं. दादानं तो भिंतीवरच्या आकारात टांगला, आणि खोलीत खसखस पिकली. आकार वीतभर मोठा! त्या दिवशी त्यानं आठवणीनं काढला होता, आणि आठवणीत बाबांचा रंधा केवढा तरी मोठा होता. दादा स्वतःच त्या आकाराकडे बघत राहिला आणि मग सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

"आता नियमाप्रमाणे," तो डोळे पुसत म्हणाला, "कुणालाही नेता येईल."

कुणी पुढं होईना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गल्लीत काय लपून राहतं हो, माझा आवाज त्या संध्याकाळी पार कोपऱ्यापर्यंत गेला असणार. मी म्हटलं, "माझ्याकडे बिल्ला नाही."

"आहे," दादा म्हणाला. "एक नंबरचा खिळा बघ."

बिल्ल्यांच्या फळीवर पहिल्याच खिळ्याला एक बिल्ला होता. त्यावर छोटी हातोडी कोरलेली. बाकीचे बिल्ले हाताळून हाताळून तुळतुळीत झालेले, हा मात्र धुळीनं करडा. सगळ्यांच्या आधी त्यानं माझा केला होता, पहिल्याच दिवशी. मला ते माहीत होतं. मी त्याला कधी हात लावला नव्हता, रुसून. म्हणजे हट्टीपणा आमच्या घरात एकट्या दादाचा नाही, लिहून ठेवा. मी बिल्ला काढला, पदरानं पुसला, रंध्याच्या जागी टांगला आणि रंधा खाली घेतला. जड होता. बारा वर्षांच्या हाताला लागला होता तेवढाच जड.

"काय करणार आहेस?" दादानं विचारलं. नियमच आहे, विचारायचं.

"दार," मी म्हटलं.

त्यानं दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "धार लावून आण." बस, एवढंच. त्याच्या तोंडून 'हो' म्हणून जे काय निघू शकतं ते हेच.

दुपारी आम्ही दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. कॉम्रेड आणि मानकऱ्यांनी दोन टोकं धरली आणि अर्थात कुणी मागं चालायचं यावरून वाद घातला. दोन स्टुलांवर दार आडवं ठेवलं. आधी मी कडेचा रंग खरवडायला घेतला, रंगावरून रंधा मारला तर पात्याची वाट लागते. खरवडते, खरवडते, संपेचना! निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तपकिरी, पुन्हा निळा. सव्वीस थर. दार फुगत होतं ते दमटपणानं कमी आणि दादाच्या प्रेमानं जास्त. "घ्या!" वहिनी म्हणाली, "जपून जपून जाम केलंत." दादा रंगाचे पापुद्रे बोटांनी उचलत बसला.

वरची कड साफ करायला मी वळले आणि थांबले. दाराच्या वरच्या कडेला कुणी रंग देत नाही, दिसतच नाही ना ती. ती कड कोऱ्या लाकडाची होती. तिच्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा, एकाखाली एक, आणि प्रत्येक रेघेपुढं साल. बाबांचे आकडे. त्यांचा सात डोक्यावर टोपी घातल्यासारखा असायचा, कुठंही ओळखू येईल. पहिल्या रेघेपाशी लिहिलं होतं, 'कड घासली, सूतभर.' खाली, 'कड घासली.' त्याखाली, 'घासली.' मग नुसती सालं. सतरा रेघा.

मी दादाला हाक मारली. त्यानं चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. बाबांना कुठली युक्तीबिक्ती माहीत नव्हती. आम्ही शाळेत असायचो, पुढं कामावर असायचो, तेव्हा एक दिवस दार उतरवून ते घासून घ्यायचे आणि परत बसवायचे, एवढंच. दर वर्षी.

मला वाटलं दादाला लागेल. त्याचं ते दार, ती बाबांची वस्तू हात न लावता राखणं, सगळं एका पेन्सिलीनं खोडलेलं. तो स्टुलावर बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे हलायला लागले. वहिनी धावली. हात काढले तर हा हसत होता, पाणी येईपर्यंत. "अगं," म्हणाला, "मी बाबांचं दार सांभाळत होतो आणि बाबांचं काम सोडून दिलं होतं! एवढं दोन ट्रंका भरून लिहिलं, आणि हे लिहायचं राहिलं." कॉम्रेडनं विचारलं, "मग आता कुणाचं बरोबर, माझं की यांचं?" दादा म्हणाला, "तिचं," आणि माझ्याकडे बोट केलं.

मी पात्याला धार लावली, दगडावर, पाणी घालून, बाबांसारखी. पातं अंगठ्यावर पाहिलं. पहिला हात मारताना भीती वाटली, चाळीस-पन्नास वर्षांनी मारत होते. दुसऱ्या हाताला सुरळी निघाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. कुणी काही म्हणायच्या आत दादा म्हणाला, "हिचं लाकूड ऐकतं." सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात म्हणाला. आता सांगा, माणसावर रागवायचं तरी किती दिवस?

घासून झाल्यावर त्यानं कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मी अठरावी रेघ मारली, पुढं साल लिहिलं. मला सही करावीशी वाटली तर लगेच, "सही नको, सगळ्यांचं दार आहे." सुधारणा होते ती एवढीच.

सोमवारी साहेब आले. त्यांना दाराचा अनुभव होता, त्यामुळे लांबूनच धावत आले आणि खांदा लावला. दार फुलासारखं उघडलं आणि साहेब फाईलसकट थेट शिडीपर्यंत गेले. दादानं त्यांना उठवलं, बाहेर आणलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाला, "एका बोटानं म्हणाला होतात ना?" साहेबांनी करंगळी लावली. दार उघडलं. मग पोरगा तसाच उभा राहून चार-पाचदा उघडत-बंद करत बसला, नुसताच. जाताना म्हणाला, दार घासलंय म्हणजे दुरुस्तीला गेलेला रंधा आलेला दिसतोय, पण जागा पुन्हा रिकामी कशी? दादानं बिल्ल्यावर बोट ठेवलं. "बहिणीकडे आहे."

पुढच्या रविवारी मी नऊला उभी राहिले आणि सांगितलं, दार केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग रंधा परत द्यायला गेले तर दादा अंगठ्यावर पातं बघतोय, उजेडात धरून बघतोय, एक डोळा मिटून बघतोय. म्हटलं, आता काय राहिलं? म्हणाला, "धार नेलीस त्याहून जास्त हवी. ही तेवढीच आहे." सगळ्या गल्लीसमोर! गेले परत, लावली पुन्हा धार, आणली. काय करणार, सख्खा भाऊ आहे, आणि नियम त्याचाच आहे.